पूल टेबलाची पॉकेट्स आवळा, पण टेबल सांभाळून

संपादक महाशय,

मुंबईतल्या एका जिमखान्याच्या बिलियर्ड्स रूममध्ये मी मार्कर, म्हणजे टेबल सांभाळणारा आणि गुण मांडणारा, म्हणून नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. आता सोसायट्यांच्या क्लबहाऊसमधल्या आणि काही घरांतल्या पूल टेबलांचं कापड बदलणं, कुशन (टेबलाच्या कडेचं रबर) बसवणं, लेव्हल काढणं अशी कामं करतो. गोरेगाव, कांदिवली, ठाण्याकडच्या नव्या इमारतींत हल्ली पूल टेबल असतंच. तिथली मुलं मला एकच प्रश्न विचारतात, ‘काका, पॉकेट टाइट करून द्याल का?’ म्हणजे बॉल जिथे पडतो त्या भोकाचं तोंड अरुंद करून द्याल का. त्याचं सविस्तर उत्तर द्यायला टेबलापाशी वेळ मिळत नाही, म्हणून हे पत्र.

मुलांची मागणी योग्य आहे, हे आधी सांगतो. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटरचा, म्हणजे सव्वादोन इंचांचा. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे कोपऱ्याच्या पॉकेटचं तोंड साडेचार इंच ते साडेचार इंच एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) असावं लागतं आणि मधल्या पॉकेटचं पाच इंच ते पाच इंच एक सूत. माप घ्यायचं ते एका कुशनच्या टोकापासून समोरच्या कुशनच्या टोकापर्यंत. पॉकेटच्या आतलं भोक मोजायचं नाही. घरांसाठी विकल्या जाणाऱ्या अनेक टेबलांवर मी कोपऱ्याला पाच इंच मोजले आहेत. अशा टेबलावर नेम चुकला तरी बॉल कडेला घासून आत पडतो. मुलाला वाटतं, जमलं. मग तो स्पर्धेच्या टेबलावर जातो, तोच शॉट मारतो आणि बॉल तोंडात खडखडून बाहेर येतो. त्या वेळचे मुलांचे चेहरे मी पाहिले आहेत. दोष त्यांच्या मेहनतीचा नसतो, ज्या टेबलावर ती मेहनत झाली त्याचा असतो.

थोडा हिशेब मांडतो. साडेचार इंचांच्या तोंडातून सव्वादोन इंचांचा बॉल जातो, म्हणजे सैल जागा उरली सव्वादोन इंच. तोंड चार इंचांवर आणलं की सैल जागा पावणेदोन इंच. तोंड एक नवमांश कमी झालं, पण चुकायची मुभा दोन नवमांश घटली. म्हणून एकेका सुताचा फरकही खेळताना इतका जाणवतो. शिवाजी पार्कवर एकच स्टंप रोवून त्यावर बॉलिंग करणारी मुलं दिसतात, त्यांच्या सरावामागे हाच विचार असतो.

आवळलेल्या पॉकेटचा दुसरा फायदा मला नेमापेक्षा मोठा वाटतो. मुलं जोरात मारतात. मोठ्या पॉकेटवर जोरात मारलेलंही आत जातं, त्यामुळे ती सवय सुटत नाही. अरुंद पॉकेटवर मात्र कडेला लागलेला जोरकस बॉल बाहेर फेकला जातो आणि तसाच कडेला लागलेला हलका बॉल आत पडतो. किती जोर लावायचा हे पॉकेटच शिकवतं. मेंबरांना कितीही वेळा सांगून पटत नसे, ते या एका गोष्टीने पटताना मी पाहिलं आहे.

आता कसं करायचं ते. कुशनचं रबर पॉकेटपाशी जिथे कापलेलं असतं, तिथे कापडाखाली कडक रबराचा एक पातळ तुकडा चिकटवलेला असतो. त्याला आम्ही फेसिंग म्हणतो. नियमाप्रमाणे ते अर्ध्या सुतापासून दोन सुतांपर्यंत जाड असू शकतं आणि कुशनच्या रबरापेक्षा ते थोडं कडक असलं पाहिजे. टेबल स्वतःचं असेल तर रेल, म्हणजे कुशन ज्यावर बसवलेली असते ती कडेची लाकडी चौकट, सोडवून, कापड उलगडून, दोन्ही बाजूंना एकेक सूत जाडीचं जादा फेसिंग लावता येतं. तोंड जवळजवळ दोन सूत कमी होतं. साडेचारचे सव्वाचार झाले. घरच्या सरावासाठी माझ्या मते हे पुरेसं आहे. याच्या खाली मी कुणाला करून देत नाही.

पाच इंचांचं पॉकेट साडेचारवर आणायचं तर प्रत्येक बाजूला दोन सूत भरावे लागतात. आधीचं फेसिंग तिथे असतंच, म्हणजे एकूण जाडी मर्यादेबाहेर गेली. रबरावर रबर चढवत गेलं की कड मेल्यासारखी होते. बॉल तिथे आदळून टणकन उसळत नाही, कधी अडकतो, कधी नको तिथे वळतो. अशा वेळी कुशनच्या आतलं लाकूडच तेवढं लांबवावं आणि त्यावर नवं रबर, एकच फेसिंग आणि कापड चढवावं. काम जिकिरीचं आहे, पण योग्य ते तेच. आणि कोन बिघडू द्यायचा नाही. कोपऱ्याच्या पॉकेटला कुशन १४२ अंशांत कापलेली असते, मधल्याला १०४ अंशांत. शिवाय ही कड वरून खाली थोडी आत झुकलेली असते. नुसती जाडी भरली आणि कोन विसरला, तर पॉकेट आवळलं असं दिसतं, पण त्यावर केलेला सराव दुसऱ्या कुठल्याच टेबलावर कामी येत नाही.

क्लबहाऊसच्या टेबलाला यातलं काहीही करू नये. ते सगळ्यांचं आहे. तिथे संध्याकाळी आठ वर्षांची पोरंही खेळतात आणि सत्तरीतले आजोबाही. त्यांना मोठं पॉकेटच हवं. कांदिवलीच्या एका सोसायटीत एका हौशी मुलाने चपलेच्या सोलचं रबर जहाल गोंदाने थेट कापडावर चिकटवलं. कमिटीने ते काढायला लावलं तेव्हा चारही कोपऱ्यांचं कापड फाटलं. कापड मी बदलून दिलं, पण कमिटीने खोलीला कुलूप लावलं ते आजही तसंच आहे. मुलाने केलं ते चूक होतं, पण कुलूप लावणं मला त्याहून जास्त लागलं. त्या मुलाला खेळ शिकायचा होता. टेबल नासवायचं नव्हतं.

अशा टेबलासाठी काढता-घालता येणारी पट्टी करावी. नागदेवी स्ट्रीटला कडक रबराची शीट मिळते. एक सूत जाडीची, फेसिंगच्या उंचीएवढी रुंद पट्टी कापायची आणि पॉकेटमध्ये इंग्रजी ‘यू’सारखी वाकवून बसवायची. तिची दोन टोकं दोन्ही फेसिंगवर सपाट टेकली पाहिजेत आणि कुशनच्या टोकाशी बरोबर संपली पाहिजेत. रबर स्वतःच्या ताणाने बसून राहतं. वर एक छोटा कान ठेवून तो लाकडी रेलवर मास्किंग टेपने धरावा. कापडाला टेप नको, गोंद नको आणि वेलक्रोची काटेरी बाजू तर मुळीच नको, ती कापडाची लोकर उपसून काढते. पट्टी जुन्या फेसिंगलाच टेकलेली असल्याने कोनही आपोआप सांभाळला जातो. सराव संपला की काढून खिशात. बाजारात असे तयार तुकडेही मिळतात. घेण्याआधी ते आपल्या पॉकेटला टेकतात का एवढं पाहावं, मध्ये फट राहिली तर उपयोग नाही.

ज्यांना तेवढंही करायचं नाही त्यांच्यासाठी बिनखर्चाचा उपाय आहे. पॉकेट आहे तसंच ठेवा, पण बॉल मारायच्या आधी ‘डावीकडून’ किंवा ‘उजवीकडून’ असं सांगा आणि त्याच बाजूने आत गेला तरच मोजा. मी हे मुद्दाम शिकवतो, कारण कायम अरुंद पॉकेटवर खेळणारा मुलगा फक्त मधोमध मारायला शिकतो. पॉकेटच्या कोणत्या बाजूने बॉल घातला की ज्याने मारतो तो पांढरा बॉल कुठे जाऊन थांबेल, ही पुढची विद्या त्याच्या हातून राहून जाते. म्हणून पट्टी लावून काही वेळ आणि काढून काही वेळ, असा सराव हवा. नुकताच क्यू (खेळायची काठी) धरायला लागलेल्या मुलाला पट्टी देऊच नये. त्याला आधी बॉल पडल्याचा आवाज ऐकू द्या.

मुंबईकरांनी आणखी एक लक्षात ठेवावं. पावसाळ्यात पॉकेट आपोआप आवळल्यासारखं खेळतं. हवेतला दमटपणा कापडात शिरतो, बॉल जड चालतो आणि कडेला लागला की घसरून आत जात नाही, तिथेच धरला जातो. नवं कापड गुळगुळीत असतं, त्यावर तेच पॉकेट उदार वाटतं. क्लबहाऊसचा एसी दिवसभर बंद असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये पट्टीची गरजही पडत नाही. मुलांनी अशा दिवसांत ‘माझा नेम गेला’ म्हणून रडू नये.

हे सगळं इतकं लिहायचं कारण असं. विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स अजिंक्यपद जिंकलं, पुढे आपल्या मुंबईच्या मायकेल फरेरांनी ते तीनदा जिंकलं. त्यांच्या खेळाबद्दल ऐकत मी नोकरीत वाढलो. पण टेबल होतं ते क्लबात आणि क्लबाच्या दारातून मेंबर आत जायचे किंवा आमच्यासारखे नोकर. लालबागच्या माझ्या चाळीतल्या मुलाने क्यू हातात धरावा अशी सोय नव्हती. माझ्या मुलानेही तो कधी धरला नाही. आज सोसायटीच्या तळमजल्यावर टेबल आलं आहे आणि त्यावर रिक्षावाल्याच्या मुलाने नसेल, पण कारकुनाच्या मुलीने खेळावं एवढं तरी शक्य झालं आहे. ते टेबल कुलपात जाऊ नये.

म्हणून सोसायट्यांच्या कमिट्यांना विनंती आहे की, सरावाच्या पट्ट्यांना सरसकट बंदी घालू नका. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी ठरवून द्या, खेळ संपल्यावर पट्ट्या काढल्या की नाही हे बघायला मुलांपैकीच एकाला नेमा. टेबल विकणाऱ्यांना विनंती की बिलावर टेबलाची लांबी-रुंदी लिहिता तसं पॉकेटच्या तोंडाचं मापही लिहा. आणि ज्या कांदिवलीच्या सोसायटीचा मी उल्लेख केला, तिथल्या कमिटीच्या वाचनात हे पत्र आलं तर त्यांनी खोली उघडावी. चारही कोपऱ्यांच्या पट्ट्या मी स्वतः कापून आणून देईन, त्याचे पैसे घेणार नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त मार्कर,
लालबाग, मुंबई