‘धोका दुप्पट’ म्हणजे कितीचा किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्यविषयक बातम्यांत ‘धोका दुप्पट’, ‘शक्यता 50 टक्क्यांनी कमी’ असे मथळे वारंवार येतात. परंतु हे दुप्पट किंवा निम्मे मुळात कोणत्या आकड्याचे, हे बातमी शेवटपर्यंत वाचूनही बहुधा कळत नाही. दहा हजारांत एकाला होणारा आजार दोघांना होऊ लागला तरी धोका दुप्पट, आणि दहांत एकाऐवजी दोघांना झाला तरीही दुप्पटच.

ऑक्टोबर 1995 मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला, की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुपटीने वाढतो. प्रत्यक्षात ही वाढ सात हजार स्त्रियांमागे एकीवरून दोघींवर, एवढीच होती. मात्र ‘दुप्पट’ या शब्दाने घाबरून असंख्य स्त्रियांनी गोळ्या बंद केल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये अंदाजे 13,000 गर्भपात जास्त झाले. गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही अधिक असतो, हे लक्षात घेतले की या प्रकाराचे फार वाईट वाटते.

टक्क्यांचा हा घोळ तपासणीच्या अहवालांतही होतो. माझ्या थोरल्या बहिणीला कसलाही त्रास नव्हता. नेहमीच्या तपासणीत एका चाचणीचा अहवाल पॉझिटिव्ह आला आणि ‘ही चाचणी 95 टक्के अचूक आहे’ एवढेच तिला सांगण्यात आले. आपल्याला आजार असण्याची शक्यता 95 टक्के, असा अर्थ तिने घेतला (आम्हीही तोच घेतला) आणि पुढचे चार दिवस घरात कोणाला धड झोप लागली नाही. पाचव्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनी त्याच अहवालाच्या पाठीवर पेनाने हिशोब मांडला. समजा हजार जणींत हा आजार पाच जणींना आहे आणि चाचणी त्या पाचही जणींना पकडते. उरलेल्या 995 निरोगी स्त्रियांपैकी शंभरांत पाच या प्रमाणात सुमारे 50 जणींचा अहवालही चुकून पॉझिटिव्ह येणार. म्हणजे पॉझिटिव्ह 55, त्यांत खरोखर आजारी पाच. अकरा जणींत एक. पुढची तपासणी करणे आवश्यक होतेच आणि ती ताईने केली, पण त्या दिवशी ती घरी येऊन जेवली.

जाहिरातींत आणखी एक खुबी असते, आणि ती मला अधिक आक्षेपार्ह वाटते. औषधाचा फायदा टक्क्यांत सांगायचा आणि दुष्परिणाम हजारांमागे किती ते सांगायचे. दोनशे जणांत दोघांऐवजी एकालाच झटका आला, की ‘धोका निम्म्यावर’. त्याच दोनशेंपैकी एकाला नवा त्रास सुरू झाला, की ‘हजारांत केवळ पाच’. लाभ आणि हानी सारखीच, पण वाचणाऱ्याला एक डोंगराएवढी आणि दुसरी राईएवढी दिसते.

म्हणून विनंती अशी, की आपल्या दैनिकात धोक्याची टक्केवारी छापताना तिच्याजवळच ‘हजार जणांत आधी किती, आता किती आणि किती वर्षांत’ हे एक वाक्य छापावे. मूळ संशोधनात हे आकडे बहुधा दिलेले असतात. ते मिळत नसतील, तर टक्केवारी निदान मथळ्यात तरी घेऊ नये.

आपली नम्र,
एक नियमित वाचक