कांद्याचे भाव आणि तुझे तीन प्रश्न

पंचवटी, नाशिक

चि. वरच्या मजल्यावरच्या मुलीस,
अनेक आशीर्वाद.

नाव लिहू नका म्हणालीस, म्हणून लिहीत नाही. पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. पन्नाशीनंतर पायथॉन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकायला बसलेला मी काही एकटा नसेन, आणि रात्री साडेदहाला "काहीच चालत नाहीये गं, बघतेस का?" असा मेसेज टाकणाराही एकटा नसेन. सोबत स्क्रीनचा तिरका फोटो, त्यात निम्मा माझा अंगठा.

तू उत्तर दिलं नाहीस. उलट तीनच प्रश्न विचारलेस. काका, काय यायला हवं होतं? काय आलं? तुम्ही काय काय करून बघितलंत? आणि वर, फोटो नको, कोड कॉपी करून पाठवा.

खरं सांगू? राग आला. हिला दोन मिनिटांचं काम, आणि ही माझी परीक्षा घेतेय! मग सकाळी गाळ्यावर आमचा पोऱ्या आला आणि म्हणाला, "शेठ, हिशेब जुळत नाही." माझ्या तोंडून आपसूक निघालं, "कितीने? कुठल्या तारखेपर्यंत जुळत होता?" आडतीच्या गाळ्यावर तीस वर्षं वह्या लिहितोय, पोरांना रोज हेच विचारतो. स्वतःवर वेळ आली तेव्हा मीही त्या पोऱ्यासारखाच येऊन उभा राहिलो होतो. जरा ओशाळलो.

रात्री लिहायला बसलो. यायला हवं होतं: कांद्याचा दिवसातला सगळ्यात वरचा भाव, क्विंटलला २१००. आलं: ९८५. एरर काही नाही, लाल अक्षरं नाहीत, प्रोग्रॅम अगदी शहाण्यासारखा चालतोय आणि गोलटीचा, म्हणजे बारीक कांद्याचा, भाव सगळ्यात वरचा म्हणून सांगतोय. तिसऱ्या प्रश्नाला मात्र लिहायला काही नव्हतं. मी करून काहीच बघितलं नव्हतं, नुसतंच तेच ते बटण पुन्हापुन्हा दाबलं होतं.

तू म्हणाली होतीस, ऐंशी ओळी पाठवू नका, चूक जेवढ्यात दिसते तेवढंच ठेवा. म्हणून पावती काढून टाकली, हमाली-तोलाई काढली, तारखा काढल्या. शेवटी चार ओळी उरल्या: भाव विचारायचे, यादीत टाकायचे, मॅक्स, म्हणजे सगळ्यात मोठा, काढायचा, छापायचा. १२००, १८५०, २१०० टाकले. उत्तर बरोबर! मग ९८५ टाकला आणि बिघडलं. सगळे भाव चार आकडी असले की ठीक, तीन आकडी आला की घोटाळा. म्हणजे आठवडाभर चूक होतीच, पण गोलटी आली नव्हती म्हणून दिसली नव्हती.

मग अख्खी यादीच छापली, आणि प्रत्येक भावाच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं दिसली. इनपुटमधून, म्हणजे कीबोर्डवरून, येतं ते पायथॉनच्या लेखी अक्षरंच असतात, मग तुम्ही आकडे का टाकेनात. अक्षरं म्हटली की तुलना पहिल्यापासून, शब्दकोशासारखी: ९ हा २ च्या नंतर येतो, विषय संपला. अक्षरांचा आकडा करणारं इंट लावलं आणि २१०० आलं. रात्रीचे पावणेबारा. तुला पाठवायचा मेसेज अर्धाच लिहून तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी लाल अक्षरं आली, पण घाबरलो नाही. खालची ओळ आधी वाचा, असं तू सांगितलंच होतंस. व्हॅल्यूएरर, म्हणजे दिलेलं मूल्य चालत नाही, आणि शेवटी अवतरणचिन्हांत तो भाव: १,८५०. स्वल्पविराम! वहीत लिहायची सवय, दुसरं काय. तो काढून टाकायची एक ओळ घातली. (गंमत म्हणून मराठी कीबोर्डवरून देवनागरीत १८५० टाकून बघितलं, तर इंटने ते निमूट आकडा म्हणून घेतलं. स्वल्पविराम चालत नाही, देवनागरी चालते. हे मला फार आवडलं.)

एकदा मात्र तू प्रश्न न विचारता थेट सांगितलंस, त्याचे वेगळे आभार. मी फाइलचं नाव सीएसव्ही.पीवाय ठेवलं होतं आणि आत सीएसव्ही याच नावाची पायथॉनची तयार लायब्ररी इम्पोर्ट करत, म्हणजे मागवत होतो. पायथॉन खरी लायब्ररी सोडून माझीच फाइल उघडत होता. तू जिन्यातच हसत बसलीस. हे स्वतः विचार करून कुणाला सुचलं असतं असं मला वाटत नाही. काही चुका आधी कुणाला तरी लागलेल्या असाव्या लागतात.

आणि परवा तू आलीस, सोसायटीच्या हिशेबात २७० रुपयांचा फरक येतोय म्हणून. मी विचारलं, काय यायला हवं होतं? तू डोळे वटारलेस! पण फरकाला नऊने पूर्ण भाग जातो म्हटल्यावर अंकांची अदलाबदल शोधायची, हे आमच्या धंद्यातलं जुनं ज्ञान. ५,४१० च्या जागी ५,१४० सापडलं तेव्हा तुझा चेहरा बघण्यासारखा होता.

शनिवारी पुण्याला निघालीस असं कळलं. चिवड्याचं पाकीट तुझ्या आईकडे ठेवलंय. मी आता दोन दिवसांच्या फाइली एकत्र करायला घेतल्यात, आणि एक शेतकरी दोनदा येतोय. प्रश्न आहे, पण अजून नीट लिहून झालेला नाही. झाला आणि तरी अडलोच, तर पाठवतो.

तुझा,
खालच्या मजल्यावरचा काका