मितालीला आपण फार उशिरा बघितलं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या बायकांच्या क्रिकेट टीमची कॅप्टन मिताली राज, तिने 8 जून 2022 ला रिटायरमेंट जाहीर केली, त्याची बातमी तुमच्या पेपरात खालच्या कोपऱ्यात आली आणि वर मोठ्ठी बातमी होती के. एल. राहुलच्या दुखापतीची, कारण पुरुषांची आफ्रिकेविरुद्धची टी-ट्वेन्टी सिरीज दुसऱ्या दिवसापासून होती ना. आधी मी चिडूनच लिहायला बसले, मग म्हटलं आपण कुठल्या तोंडाने बोलतोय, आपण तरी 2017 पर्यंत तिला कुठे बघत होतो. म्हणून ही तक्रार नाही, निरोपाचं पत्र समजा.

1999 ला मी कॉलेजला होते आणि इंग्लंडमध्ये पुरुषांचा वर्ल्डकप चालू होता. टाँटनला गांगुली-द्रविडने लंकेला धुतलं ती मॅच अजून आठवते (गांगुली 183, झोपेतून उठवून विचारा). 20 जूनला फायनल झाली, आपण आधीच बाहेर पडलेलो, वर्ल्डकप संपला आणि क्रिकेटही संपलं आमच्या लेखी. आणि त्यानंतर सहाच दिवसांनी त्याच इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला सोळा वर्षांची एक मुलगी आयुष्यातली पहिली वनडे खेळायला उतरली आणि आयर्लंडविरुद्ध नाबाद 114 करून आली. जोडीला रेश्मा गांधी, तिचीही पहिलीच वनडे, तीही नाबाद 104, आणि आपला स्कोअर बिनबाद 258! हे मला कधी कळलं, तर अठरा वर्षांनी.

2002 चंही तेच. जुलैमध्ये गांगुलीने लॉर्ड्सच्या बाल्कनीत शर्ट फिरवला ते सगळ्यांना पाठ आहे, पण पुढच्याच महिन्यात टाँटनला, हो त्याच टाँटनला, मितालीने टेस्टमध्ये 214 केले, वय वर्षं 19, बायकांच्या टेस्टमधला तेव्हाचा वर्ल्ड रेकॉर्ड. आमच्या घरी मात्र टाँटन म्हणजे अजूनही गांगुलीच.

मी तिला पहिल्यांदा नीट बघितलं 2017 च्या वर्ल्डकपात, तेही आमच्या सांगलीची स्मृती मंधाना खेळत होती म्हणून टीव्ही लावलेला. इंग्लंडविरुद्धची पहिली मॅच, स्मृती आणि पूनम राऊत आऊट व्हायचं नाव घेईनात, आणि कॅमेरा फिरला तर बाऊंड्रीजवळ कॅप्टन पॅड बांधून निवांत पुस्तक वाचत बसलेली! पुढचा नंबर हिचा, आणि ही पानं उलटतेय. मला आधी हसू आलं, असं कोण करतं. मग उठली, आत गेली आणि 71 करून आली, वनडेतली सलग सातवी फिफ्टी. त्या पुस्तकाच्या फोटोवर मी फिदा झाले ते आजपर्यंत. त्याच्या दोनच दिवस आधी कुणी पत्रकाराने तिला विचारलेलं की तुझा आवडता पुरुष क्रिकेटर कोण, तर ती म्हणाली, हा प्रश्न तुम्ही पुरुषांना विचारता का की तुमची आवडती महिला क्रिकेटर कोण. बरं झालं मला नाही कुणी विचारलं, 2017 च्या आधी मला एक नाव सांगता आलं नसतं.

ती स्लो खेळायची असं सगळे म्हणतात. शेवटची काही वर्षं खेळायची, मला मान्य आहे, डॉट बॉल साचायला लागले की मी पण टीव्हीसमोर ओरडलेय. पण 2017 ची लॉर्ड्सची फायनल आठवा. 229 चेस करायचे, स्मृती शून्यावर गेली, मिताली 17 वर रनआऊट, तरी पूनम आणि हरमनप्रीतने ओढत आणलं, 3 बाद 191 वरून सगळ्या आऊट 219, नऊ रननी हरलो. 28 रनमध्ये सात विकेट! आपण आऊट झालो की पुढे असं काहीतरी होऊ शकतं हे जिने वर्षानुवर्षं बघितलंय ती बॅट जपून फिरवणार नाही तर काय करणार. आणि वर 2018 ला टी-ट्वेन्टी वर्ल्डकपच्या सेमीफायनलला तिला बाहेर बसवलं, त्याआधी दोन फिफ्टी मारलेल्या असताना, आणि ती मॅच आपण हरलोच. असो, त्यावर लिहायला बसले तर वेगळं पत्र होईल.

कपिल, सौरव, धोनी, सगळ्यांना वनडे वर्ल्डकपची एकेकच फायनल कॅप्टन म्हणून मिळाली. हिला दोन, 2005 आणि 2017. दोन्ही हरलो म्हणून तिचं नाव त्या यादीत कुणी घेत नाही.

शेवटची मॅच 27 मार्चची, क्राइस्टचर्चला, आफ्रिकेविरुद्ध. जिंकलो असतो तर सेमीफायनल. ती 68, स्मृती 71, दोघी खेळत होत्या तेव्हा मी घरातलं एक काम केलं नाही. शेवटच्या ओव्हरला दीप्तीच्या बॉलवर कॅच पकडला, आम्ही उड्या मारल्या आणि अंपायरने नो-बॉल दिला. संपलं. तेवीस वर्षांचा शेवट नो-बॉलवर, ना मिरवणूक ना खांद्यावर घेऊन राऊंड.

232 वनडे, 7805 रन, जगात बायकांमध्ये सगळ्यात जास्त, हे आकडे तुम्ही छापलेत. पण टेस्ट? 2007 ते 2013 आपल्या बायकांना एकही टेस्ट मिळाली नाही, 2014 मध्ये दोन, मग परत थेट 2021. 214 करणाऱ्या बाईला तेवीस वर्षांत फक्त 12.

तेव्हा एक विनंती आहे, एखाद्या रविवारी तिच्या टेस्टचे सगळे स्कोअरकार्ड छापा ना. जागा फार लागणार नाही, बाराच आहेत.

आपली,
एक वाचक, सांगली