बेर्गामोहून आबांना

ती. आबांस,
शि. सा. नमस्कार.

इकडे सगळं ठीक. आईला सांगा, स्वेटर पुरेसे आहेत.

इटालियन जिभेवर बसली का, विचारलंत. शब्द तोडणं लवकर जमलं. द्वित्त मधोमध चिरायचं: नोत्‌-ते, माम्‌-मा. कान्‌-तो हेही तसंच. ‘स’ मात्र पुढच्या व्यंजनाला सोडत नाही: पा-स्ता, मि-नि-स्त्रो. शेजारची मुलगी दुसरीत आहे. ओळीत शब्द मावेना की टाळ्या वाजवत अक्षरं मोजते, मगच आडवी रेघ मारते. परवा ‘पास्‌’वर ओळ संपवून ‘ता’ खाली नेला, तर आईनं लगेच खोडायला लावला. आपण ‘स्ता’ जोडूनच लिहितो, त्यामुळे मला ते सोपं जातं.

छळतो तो आघात. बहुतेक शब्दांत तो शेवटून दुसऱ्या अक्षरावर, म्हणजे मिलानोत ‘ला’वर. पण आमच्या बेर्गामोत ‘बेर्‌’वर, नापोलीत ‘ना’वर, आणि लिहिताना त्याची खूण नाही! शेवटच्या अक्षरावर असेल तरच ती लागते. वरच्या जुन्या गावाचं नाव ‘चित्ता आल्ता’. त्यातल्या ‘चित्ता’च्या शेवटच्या स्वरावर तिरकी रेघ असते. ‘कापितानो’त ‘का’वर जोर दिला तर ‘घडतात’, ‘ता’वर दिला तर ‘कप्तान’. लिहायला दोन्ही एकच.

तुमचं लघु-गुरू थोडंफार कामी येतं. शेवटून दुसरं अक्षर जोडाक्षरामुळे जड झालं की जोर सहसा तिथेच. मात्र तारान्तो आणि ओत्रान्तो ही दक्षिणेकडची गावं जुमानत नाहीत, दोन्हींत जोर पहिल्याच अक्षरावर. शिवाय आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ आधीच ठरलेलं असतं. इथे आघाताचं अक्षर स्वरावरच संपत असेल आणि शब्दातलं शेवटचं नसेल, तर त्यातला स्वर लांबतो. ‘पाला’ म्हणजे फावडं, त्यातला ‘पा’ लांब. ‘पाल्‌ला’ म्हणजे चेंडू, त्यातला आखूड.

आता खास तुमच्यासाठी. दान्तेच्या महाकाव्याची ओळ ११ अक्षरांची, आपल्या इंद्रवज्रेइतकीच. गण वगैरे काही नाहीत, फक्त दहाव्यावर आघात हवाच. शेवटच्या शब्दाचा जोर अखेरच्या अक्षरावर असेल तर ओळ दहातच संपते, तरी ती अकराचीच धरतात. तुम्ही असल्या कवीला वर्गाबाहेर उभं केलं असतंत!

रविवारी फोनवर एक ओळ म्हणून दाखवते, तुम्ही मोजा. एका शब्दाचा शेवटचा स्वर पुढच्याच्या पहिल्या स्वराला भिडला तर सहसा दोन्ही मिळून एकच अक्षर धरायचं, एवढं ध्यानात ठेवा.

तुमची,
मनू