टेकू म्हणजे मांडणशिल्प नव्हे

महोदय,

कालच्या पुरवणीतला मुंबईतल्या वास्तुमहोत्सवावरचा लेख वाचला. फेरफटके, व्याख्याने, मांडणशिल्पे, सगळ्यांचे यथास्थित कौतुक झाले आहे. 2018 साली ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारती युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून राजाबाई टॉवरकडे मान वर करून पाहणारे वाढले, हे चांगलेच. पण 'यंदा फेरफटका गिरगावच्या चाळींपर्यंत पोहोचला' या वाक्यावर माझा चहा गार झाला. कारण तो पोहोचला तो आमच्याच जिन्याने.

रविवारी सकाळी पंधरा-वीस मंडळी, कोणालाही न विचारता, थेट दुसऱ्या मजल्यावर. बरोबरच्या ताई कठड्याच्या लाकडी नक्षीबद्दल इंग्रजीत भरभरून सांगत होत्या. शेजारच्या आजी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांचे फोटो निघाले. 'चाळीत दारे कधी बंद नसतात' अशीही माहिती देण्यात आली. तेव्हापासून आम्ही बंद ठेवतो. कळस म्हणजे, खालच्या गॅलरीतले लोखंडी टेकू पाहून एका गृहस्थांनी मला विचारले, "हे इन्स्टॉलेशन कोणाचं?" आता त्यांना काय सांगणार? टेकू तात्पुरते म्हणून लागले होते. त्यानंतर किती पावसाळे गेले, ते आमच्या घरमालकांना विचारावे.

अहो, चाळ कशी उभी आहे हे कठड्यावरून कळत नाही. सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा आणि मध्ये विटांची भरणी. मोरीचे पाणी वर्षानुवर्षे झिरपते आणि भिंतीत गेलेले तुळईचे टोक आतल्या आत कुजते. वरून ऑइलपेंट झकास. टोक गेले की मजला खचतो. दाखवायचे तर हे दाखवा की! पागडीचे, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे मोजून घेतलेल्या खोल्यांचे, भाडे इतके किरकोळ की घरमालक दुरुस्तीला हात लावत नाही, आणि भाडेकरूंनी वर्गणी काढून काम करायचे म्हटले तर परवानगीसाठी खेपा. यावर एखादे व्याख्यान ठेवा, आमची अख्खी चाळ येईल. मात्र मराठीत ठेवा. आमच्याच इमारतीची माहिती आम्हाला कळेल अशा भाषेत सांगणार असते, तर त्या रविवारी आम्हीच चौकात खुर्च्या टाकल्या असत्या, चहाही दिला असता.

आपल्या लेखकालाही अडचणीचे काही नको असावे. मुंबईतल्या जुन्या वॉटसन हॉटेलच्या बिडाच्या सांगाड्यावर अर्धा रकाना खर्च झाला आहे, 1896 साली तिथे ल्यूमिएर बंधूंची चलत्चित्रे दाखवली गेली तेही आले आहे. तीच इमारत धोकादायक म्हणून 2019 साली रिकामी करावी लागली, हे मात्र बहुधा जागेअभावी राहिले.

जाता जाता: लेखातल्या मोठ्या छायाचित्राखाली 'ठाकूरद्वार' छापले आहे. ती गल्ली फणसवाडीतली आहे. गिरगावातले कोणीही सांगेल. आणि नावनोंदणीचा क्यूआर कोड इतका बारीक छापलात की माझ्या मुलाच्या फोनलाही तो वाचता आला नाही. निदान छायाचित्राची दुरुस्ती तरी छापावी.

– एक भाडेकरू, गिरगाव