बालविभागातली उमेदवारी

संपादक महाशय,

ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी उमेदवारीसाठी सार्वजनिक ग्रंथालयाचा बालविभाग सहसा मागून घेत नाहीत. तिथे नुसती मुले सांभाळायची, असा समज. सध्या मी तिथेच काम करते आहे, आणि संदर्भसेवेचा, म्हणजे वाचकाला हवे ते शोधून देण्याच्या कामाचा, खरा कस याच विभागात लागतो. मोठा वाचक लेखकाचे नाव सांगतो. लहान मूल ‘ते निळं, उंदराचं’ एवढेच सांगते. मग विचारत, चित्रे दाखवत शोधायचे. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई वर्गीकरणात डायनोसॉर ५६७.९ला आणि लोककथा ३९८.२ला, म्हणजे चक्क सामाजिक शास्त्रांत! हे मुलांना कसे उमगावे? म्हणून चित्रखुणा, बुटकी कपाटे आणि मुखपृष्ठ समोर दिसेल अशी मांडणी. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१मध्ये मांडलेले ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे सूत्र मात्र इथे थोडे सैल सोडावे लागते. मुलांना रेंगाळायचेच असते!

अभ्यासक्रमात या विभागातील काम सक्तीचे करावे. उमेदवारांना केवळ शिक्के मारायला आणि पताका चिकटवायला बसवू नये. गोष्टी वाचून दाखवणे आणि पुस्तकनिवड यांतही त्यांना घ्यावे.

– एक प्रशिक्षणार्थी