तासाला साडेपाच डॉलर

सीडर फॉल्स, आयोवा

ती. आप्पा आणि आई, सा. न.

व्हॉट्सअॅपवर रोज बोलणं होतं तरी आज मुद्दाम लांबलचक लिहितेय, कारण फोनवर बाळूचा विषय निघाला की आप्पा तुम्ही फोन आईकडे देता. आई म्हणाली तो मॉलच्या गोडाऊनला रात्रपाळीला लागल्यापासून तुम्ही त्याच्याशी बोलत नाही. इतकी वर्षं कबड्डीत घातली, जिल्ह्याच्या संघात दोनदा शेवटच्या यादीतून नाव कापलं आणि आता पोरगा खोकी उचलतो, हे तुम्हाला किती लागलं असेल कळतंय मला. पण तुम्ही तीस वर्षं शाळेत पी.टी. घेतलीत, खेळाडूची गोष्ट असली की तुम्ही अर्ध्यात सोडत नाही, म्हणून एक सांगते, नीट वाचा.

आम्ही किराणा आणतो त्या दुकानाचं नाव हायव्ही, आयोवात गावोगाव आहे. १९९४ साली सीडर फॉल्सच्या हायव्हीत एक पोरगा रात्री फळ्यांवर डबे, पाकिटं लावायचा, तासाला साडेपाच डॉलर. कर्ट वॉर्नर त्याचं नाव. शेजारच्या आजोबांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला वाटलं गावात असतात तशा गोष्टी, वाढवून सांगतात, पण नंतर मी सगळं वाचून काढलं, जुन्या मॅचेस बघितल्या, आणि आता पीठ-तांदूळ घ्यायला गेले तरी तोच आठवतो.

हा क्वार्टरबॅक. म्हणजे बघा, इथल्या फुटबॉलमध्ये पाय कमी आणि हात जास्त, अकरा-अकरा गडी, चार डावांत दहा यार्ड पुढं जायचं नाहीतर बॉल समोरच्याकडे जातो. डाव सुरू झाला की बॉल मागं क्वार्टरबॅकच्या हातात येतो आणि सव्वाशे-दीडशे किलोचे गडी त्याला आडवा करायला धावतात. कबड्डीत चढाईला ३० सेकंद मिळतात, ह्याला कसेबसे तीन, तेवढ्यात कोण मोकळा आहे ते बघायचं आणि तो जिथं पोचणार तिथं बॉल आधीच सोडायचा. एका संघाचे अकरा खेळतात पण क्वार्टरबॅक एकच, त्यामुळं दुसऱ्या नंबरचा असला तर अख्खा सीझन बाकावर जातो.

वॉर्नर इथल्याच युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्दर्न आयोवाचा. शेवटच्या वर्षापर्यंत त्याचा पहिल्या संघात नंबरच लागला नाही, लागला तेव्हा कॉन्फरन्समधला, म्हणजे एकमेकांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटातला, सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला, तरी १९९४च्या ड्राफ्टला, म्हणजे मोठे संघ कॉलेजची पोरं निवडतात तेव्हा, सातही फेऱ्यांत कुणी त्याचं नाव घेतलं नाही. ग्रीन बेच्या संघाने कॅम्पला बोलावलं, तिथं ब्रेट फाव्र पहिला आणि ह्याच्या आधी अजून दोघं, सीझनच्या आत परत पाठवला. मग दिवसा युनिव्हर्सिटीच्या पोरांना शिकवायला मदत आणि रात्री हायव्ही. तेव्हा त्याची मैत्रीण होती ब्रेंडा, आता बायको, तिला आधीची दोन मुलं, थोरल्याला तान्हेपणी डोक्याला मार लागून जवळजवळ दिसत नव्हतं, त्या मुलांना ह्याने आपलं मानलं. नंतर दोघांनाही दत्तक घेतलं. आई, हे तुझ्यासाठी लिहिलंय.

आता आप्पा, मला खरं सांगायचंय ते पुढचं. लोक इथं गोष्ट सांगतात ती अशी, काल किराणा दुकानात होता आणि आज चॅम्पियन झाला. मला ते पटत नाही कारण मधली पाच वर्षं ते गाळून टाकतात. १९९५ला तो डी मॉइनच्या आयोवा बार्नस्टॉर्मर्स संघात गेला, तो अरेना फुटबॉल, म्हणजे हॉलमध्ये खेळतात, मैदान ५० यार्डांचं, मोठ्या मैदानाच्या निम्मं, आठ-आठ गडी आणि कडेला भिंती. मोठ्या खेळातली माणसं त्याला सर्कस म्हणायची. पण तिथं विचार करायला वेळच नसतो, बॉल हातात आला की गेला पाहिजे आणि जागा एवढीशी की बोटभर चुकलं तरी दुसऱ्याच्या हातात. तीन सीझन त्याने तेच केलं, दोनदा संघाला फायनलला नेलं, दोन्ही हरले. १९९७ला शिकागोच्या संघाने चाचणीला बोलावलं तर हनिमूनला कोपराला काहीतरी विषारी चावलं, हात सुजला, ती संधीही गेली! मग १९९८ला अॅमस्टरडॅमला युरोपच्या लीगमध्ये खेळला आणि सेंट लुईसच्या रॅम्सने तिसऱ्या नंबरचा म्हणून ठेवून घेतला, अख्ख्या सीझनमध्ये ११ पास टाकायला मिळाले. १९९९ला क्लीव्हलँडचा संघ नव्याने उभा राहत होता, रॅम्सने त्याला उचलायच्या यादीत मोकळा सोडला, त्यांनीही उचलला नाही.

आणि त्याच ऑगस्टमध्ये सराव सामन्यात पहिला क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीनचा गुडघा गेला. कोच डिक व्हर्मील पत्रकारांसमोर रडवेले झाले होते, पण म्हणाले आपण वॉर्नरच्या पाठीशी उभं राहू आणि चांगलं खेळू. वय २८, एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, पहिल्यांदा सुरुवातीपासून मैदानात. आदल्या वर्षी रॅम्स १६ पैकी १२ हरले होते, ह्या वर्षी १३ जिंकले. ह्याचे ४,३५३ यार्ड, ४१ टचडाऊन पास (म्हणजे थेट गुण मिळवून देणारे), लीगचा सर्वोत्तम खेळाडू हाच. ३० जानेवारी २०००ला सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, टेनेसीच्या संघाने १६-१६ बरोबरी केली, दोन मिनिटं उरलेली, ह्याने पुढच्याच डावाला अंगावर गडी येत असताना लांब बॉल सोडला आणि आयझॅक ब्रूसने ७३ यार्डांचा टचडाऊन केला, रॅम्स जिंकले. ती मॅच मी चारदा बघितली. तो बॉल किती लवकर सुटतो ते बघताना मला तो छोटा हॉल आणि त्या भिंती दिसतात.

पुढंही सरळ गेलं नाही. २००१ला परत सर्वोत्तम खेळाडू, पण सुपर बोल हरले, मग बोट मोडलं, जागा गेली, २००४ला रॅम्सने सोडलं. न्यूयॉर्कला गेला तर मधेच नव्या एलाय मॅनिंगला जागा दिली. सगळे म्हणाले संपला. अॅरिझोनाला तरुण पोराच्या मागं बसला आणि ३७व्या वर्षी त्या संघाला त्यांच्या पहिल्या सुपर बोलला घेऊन गेला, २७-२३ हरले, शेवटच्या ३५ सेकंदांत. २०१०ला थांबला, २०१७ला हॉल ऑफ फेमला, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला.

बाळू वॉर्नर होईल असं मी म्हणत नाहीये आप्पा, कदाचित जिल्ह्यालाही नाव येणार नाही. पण तुम्हाला माहितीये का, तो रात्रपाळी का घेतो? दिवसाची नोकरी धरली तर संध्याकाळी पाचचा सराव बुडतो म्हणून. मला त्याने शपथ घातली होती तुम्हाला सांगायचं नाही, मी मोडतेय. सकाळी घरी येतो, दहापर्यंत झोपतो, आणि तालमीतल्या बारक्या पोरांना चढाईवाल्याचा चवडा कसा धरायचा ते शिकवतो, तुम्ही त्याला शिकवलात तसाच.

त्याची पाळी सहाला सुटते. तुम्ही साडेपाचला फिरायला निघताच, उद्या रंकाळ्याऐवजी त्या रस्त्याने जा आणि गेटपाशी दोन मिनिटं थांबा. चहा घ्या दोघं. काय बोलायचं सुचलं नाही तर त्याचा उजवा खांदा कसा आहे ते विचारा, महिनाभर दुखतोय, मलाच सांगतो फक्त.

आई, मेतकूट पोचलं, पाकीट फुटलं नव्हतं. इथं बर्फ पडतोय, आम्ही बरे आहोत.

तुमची लेक